द्राक्षं विसाव्याला ठेवतात तिथे: अप्पांबरोबर वाल्पोलिचेल्लातले चार दिवस

जानेवारीत द्राक्षबागायतदार घर सोडत नाही. तासगाव तालुक्यात तर नाहीच नाही. घडांत साखर भरत असते, व्यापारी बागेत येऊन मणी तोंडात टाकून भाव करत असतात, आणि आभाळात एखादा काळा ढग दिसला तरी घराची झोप उडते. तरीही या जानेवारीत माझे वडील वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले, कारण म्युनिकला धाकट्या भावाला मुलगी झाली. बाग थोरल्या दादाच्या हवाली करून अप्पा, आई आणि मी निघालो.

माझं शिक्षण आणि नोकरी दोन्ही वाइनमधली. नाशिककडच्या एका वाइनरीत मी सहा वर्षं काम करते आहे. अप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकलेली नाही, दारूचा थेंब कधी ओठाला लागलेला नाही. मी या क्षेत्रात जायचं म्हटलं तेव्हा त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "द्राक्षाचंच काम हाय न्हवं? मग जा." त्यानंतर माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. म्युनिकहून इटलीतल्या व्हेरोनाला थेट रेल्वे जाते हे कळलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तिथली सुकवलेल्या द्राक्षांची लाल वाइन, अमारोने, कशी करतात ते अप्पांना दाखवावं. बेदाणा करणाऱ्या माणसाला ती वाइन मी समजावून सांगायची गरज पडणार नाही, अशी माझी खात्री होती. आई नातीजवळ थांबली. आम्ही दोघं निघालो.

पहिला दिवस: आल्प्स ओलांडून

म्युनिक ते व्हेरोना साडेपाच तासांच्या आसपास लागतात. ब्रेनर खिंडीपर्यंत दोन्ही बाजूंना बर्फ होतं. अप्पा शाल कानावरून घेऊन गप्प बसून होते. बोल्झानो गेल्यावर गाडी आदिजे नदीच्या काठाने उतरू लागली आणि अप्पा एकदम खिडकीला टेकले. "अगं, मांडव!"

खरंच मांडव होते. नदीपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत, लाकडी खांबांवर तिरके चढवलेले. पान एकही नव्हतं, नुसत्या तपकिरी काड्या. पुढचा तासभर अप्पांनी डोळे हलवले नाहीत. मधूनच एक एक प्रश्न यायचा. दोन ओळींत अंतर किती असेल, खांब कशाचे, पाणी कुठून देतात. मला निम्म्याची उत्तरं येत नव्हती.

व्हेरोनाला उतरलो तेव्हा धुकं होतं. इथलं हिवाळ्यातलं धुकं म्हणजे ओल्या कापडासारखं, अंगाला चिकटणारं. सामान टाकून आम्ही अरेनापर्यंत चालत गेलो. पहिल्या शतकातलं हे रोमन रंगमंडळ दिव्यांत गुलाबीसर दिसतं, कारण त्याचा दगडच तसा आहे. हा दगड आपण उद्या जाणार आहोत त्याच डोंगरांतला, हे मी सांगितल्यावर अप्पांनी हातमोजा काढून भिंतीवर तळवा ठेवला.

रात्री एका छोट्या ओस्तेरियात, म्हणजे खाणावळीत, जेवलो. अप्पांसाठी पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, वर वितळलेलं मोन्ते व्हेरोनेझे चीज आणि बाजूला भाजलेला रादिक्यो. हा लालजांभळा, पानकोबीसारखा पाला व्हेरोनाच्या भागात हिवाळ्यातच येतो आणि चांगलाच कडू असतो. अप्पांना कारलं प्रिय, त्यांनी तो दोनदा मागवला.

मी साधी वाल्पोलिचेल्ला, म्हणजे त्याच नावाच्या भागातली हलकी लाल वाइन, घेतली. ही मी मुद्दाम आधी घेतली आणि इथे येणाऱ्या प्रत्येकाने आधी हीच घ्यावी असं मी सांगेन. अमारोनेला लागतात तीच द्राक्षं, त्याच बागा, पण ताजी तोडून लगेच आंबवलेली. रंग पातळ, आरपार दिसणारा. वास आंबट चेरीचा, थोडा मिऱ्याचा. जिभेवर हलकी, घोट गेला की तोंड स्वच्छ. ही चव डोक्यात पक्की बसली, तर सुकवण्याने द्राक्षाचं काय होतं ते पुढे आपोआप कळतं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जानेवारीत व्हेरोनात गर्दी नसते आणि खोल्या स्वस्त मिळतात. एप्रिलमध्ये विनइटली हे वाइनचं मोठं प्रदर्शन भरतं, त्या आठवड्यात शहरात जागा मिळणं मुश्कील. आणि शाकाहारी माणसाने इथला प्रसिद्ध अमारोनेचा रिसोत्तो मागवण्याआधी भात कुठल्या रश्श्यात शिजवला ते विचारावं. बहुतेक ठिकाणी तो मांसाचा असतो.

दुसरा दिवस: झोपलेला मांडव

वाल्पोलिचेल्ला म्हणजे व्हेरोनाच्या वायव्येला, लेस्सिनी डोंगरांच्या पायथ्याशी उतरणाऱ्या खोऱ्यांचा भाग. मूळचा जुना पट्टा पाच गावांचा: सांताम्ब्रोजो, सान पिएत्रो इन कारियानो, फुमाने, मारानो आणि नेग्रार. बाटलीवर क्लासिको असं लिहिलेलं असलं की द्राक्षं या पाच गावांतली. बसने आम्ही सान पिएत्रोला पोचलो आणि तिथून टॅक्सीने मारानोच्या खोऱ्यात. तिथे एका कुटुंबाच्या छोट्या वाइनरीत दोन दिवसांची वेळ मी महिनाभर आधी ईमेलवर ठरवली होती. लहान वाइनरींत असंच आधी कळवून जावं लागतं. तिथे घरचीच माणसं काम करत असतात, दारात उभं राहून आत घ्या म्हटलं तर त्यांचीही अडचण होते.

घरातली नात तिशीची, इंग्रजी उत्तम बोलणारी. तिचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. ते बागेत छाटणी करत होते. नातीने आमची ओळख करून दिली, अप्पा बागायतदार आहेत असं सांगितलं, आणि आजोबांनी काही न बोलता आपली कात्री अप्पांच्या हातात दिली.

अप्पांनी कात्री घेतली, पण चालवली नाही. आधी वेलाभोवती फिरले. खोडाची साल बोटाने सोलून पाहिली. काडीवरचे डोळे मोजले. मग मला म्हणाले, "इचार त्यांना, ही वेल किती दिवस अशी उघडी राहती?" नोव्हेंबरात पानं गळतात, मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, असं आजोबांनी सांगितलं. म्हणजे चार-पाच महिने. अप्पांना हे नवीन होतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी, वर्षातून दोनदा तिला कात्री लावून उठवावं लागतं, तेव्हा कुठे एक पीक येतं. हे मी इंग्रजीत सांगितलं, नातीने त्यांच्या बोलीत, आणि आजोबा अप्पांकडे बघत राहिले. वर्षातून दोनदा छाटणी! त्यांनी दोन बोटं वर करून दोनदा खात्री करून घेतली.

हा मांडव आपल्यासारखा सपाट नसतो. वेल माणसाच्या डोक्याएवढी चढते आणि मग एका बाजूला तिरकी पसरते. घड पानांच्या सावलीत खाली लोंबतात, त्यामुळे ऊन थेट लागत नाही आणि वारा खालून फिरतो. नव्या बागांत अनेकांनी तारेवरची उभी पद्धत आणली आहे. आजोबांनी मांडव सोडला नाही. त्यांचं म्हणणं असं की सुकवायच्या घडाची साल उन्हाने भाजलेली असून चालत नाही. अप्पांनी मान डोलावली. "बरोबर हाय. सनबर्न झालेला मणी रॅकवर काळा पडतो."

बागेचे टप्पे धरून ठेवणाऱ्या दगडी ताली आहेत. चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड. त्यांना तिथे मारोन्ये म्हणतात. डोंगर चुनखडीचा, म्हणून जमीन खणली की दगड निघतो आणि तोच तालीला लागतो. अप्पा एका तालीशी बराच वेळ थांबले. त्यांच्या वडिलांनी मणेराजुरीच्या माळावर अशीच ताल घातली होती.

दुपारी ऊन पडलं. नातीने बांधावरच पाव, चीज आणि घरच्या ऑलिव्हचं तेल आणलं. आजोबांनी खिशातून विलोच्या झाडाची पिवळी ओली काडी काढली आणि वेलीची फांदी तारेला त्या काडीनेच बांधून दाखवली. एक वेढा, एक पीळ, संपलं. अप्पांनी तीन वेळा प्रयत्न केला, चौथ्या वेळी जमलं.

तिसरा दिवस: माळ्यावर

या दिवसासाठी मी आले होते.

घराच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक माळा आहे. त्याला फ्रुत्ताइओ म्हणतात. दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या, छत लाकडी. दार उघडलं आणि वास आला. थंड, गोड, थोडा मातकट. मनुकांच्या डब्यात वाळलेली चेरी आणि थोडं मध घालून ठेवावं तसा. मला कितीतरी वाइनच्या पेल्यांतून हा वास पुसटसा आलेला आहे. तो असा खोलीभर उभा मी पहिल्यांदा घेतला. अप्पा दारातच थांबले आणि म्हणाले, "आपल्या शेडचाच वास. पण आपला गरम असतोय."

आत प्लास्टिकच्या उथळ पेट्या, एकावर एक, छातीएवढ्या उंच. प्रत्येक पेटीत घडांचा एकच थर. एका कोपऱ्यात जुनी पद्धतही राखून ठेवली आहे: वेत-बोरूच्या चटयांच्या मांडण्या, त्यांना आरेले म्हणतात. पूर्वी या चटयांवर रेशमाचे किडेही पाळत, असं नातीने सांगितलं. घड सुरकुतलेले, काळे-जांभळे, देठ तपकिरी झालेले.

सप्टेंबरच्या शेवटी तोडणी होते, आणि सुकवायला कोणता घड घ्यायचा हे तोडणारी माणसं बागेतच ठरवतात. घट्ट, दाटीचा घड बाजूला. विरळ मण्यांचा, ज्यात हवा खेळेल असा घड पेटीत. फुटलेला एक मणीही चालत नाही, कारण एक मणी कुजला तर पेटी जाते. सगळी द्राक्षं सुकवायलाही मुभा नाही, किती टक्के माल माळ्यावर न्यायचा याला नियम आहे.

यानंतरचा अप्पांचा प्रश्न मी जसाच्या तसा लिहिते. "डिपिंग कशात करतात?"

कशातच नाही, असं नातीने सांगितलं. अप्पांचा विश्वास बसला नाही. आपल्याकडे द्राक्ष रॅकवर टाकण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, कारण मण्यावर मेणाचा जो पांढुरका थर असतो तो आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही. औषधाने तो थर मोडला की पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षाचा एक किलो. इथे थर तसाच ठेवतात. म्हणूनच पाणी इतकं सावकाश जातं: तीन-चार महिने, तेही ऐन थंडीत, उन्हाचा एक किरण न लागता. आणि ते सगळं काढायचंही नसतं. वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने ते चाळीस टक्क्यांपर्यंत घटलं की थांबायचं. बेदाणा होऊ द्यायचा नाही.

या मंद गतीतच सगळी करामत आहे. पाणी कमी होतं म्हणून साखर, सालीतला रंग आणि तुरटपणा दाट होतो, हे तर कुणालाही समजेल. पण वेलीवरून तोडलेलं द्राक्ष लगेच निष्प्राण होत नाही. सालीच्या आत बदल चालूच राहतात, काही आम्लं कमी होतात, नवे वास तयार होतात. भट्टीत गरम हवा सोडून तेच वजन आठवड्यात उतरवता येईल, पण त्यातून हा वास येणार नाही. इटालियनमध्ये या कामाला सुकवणं म्हणतातच, पण आणखी एक शब्द आहे: द्राक्षं विसाव्याला ठेवणं. मी तो शब्द अप्पांना सांगितला. त्यांनी एक घड उचलला, दिव्यासमोर धरला आणि एक मणी देठाजवळून अलगद दाबला. गर अजून ओला होता. त्यांनी तो तोंडात टाकला. बराच वेळ चघळून बी हातावर काढली, पाहिली, खिशात ठेवली.

"साखर पस्तीसच्या आसपास आसंल," ते म्हणाले. नातीने साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणून रस थेंबभर टाकला. चौतीस निघाली. तिने आजोबांना हाक मारून बोलावलं आणि तो आकडा दाखवला.

धोका तिथेही आपल्यासारखाच आहे. आपल्याला अवकाळीचा, त्यांना धुक्याचा. हवा दमट झाली की बुरशी चढते, मग खिडक्या बंद करून पंखे लावायचे, उघडीप झाली की पुन्हा उघडायच्या. आजोबा अजूनही पहाटे पाचला माळ्यावर येतात आणि वासावरून सांगतात कुठली रांग बिघडली आहे. द्राक्षांचे प्रकार मुख्य दोन-तीन. कोर्विना सर्वांत महत्त्वाची, चेरीचा वास तिचा, साल जाड. तिच्यासारखीच दिसणारी पण मोठ्या मण्याची कोर्विनोने, जिला बरीच वर्षं लोक कोर्विनाचाच एक प्रकार समजत. आणि रोंदिनेल्ला, जी सहज कुजत नाही आणि सुकताना साखर चांगली धरते.

कायद्याने १ डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं चिरडता येत नाहीत. या घरात जानेवारीच्या शेवटी चिरडतात, आणि आम्ही होतो त्या दिवशी काम चालू होतं. माळ्यावरून पेट्या खाली येत होत्या, देठ वेगळे होत होते, आणि मणी टाकीत पडताना ताज्या द्राक्षांचा जो पाण्यासारखा आवाज येतो तो येत नव्हता. ओला चिखल पडावा तसा आवाज. शंभर किलो ताज्या द्राक्षांपासून चाळीस लिटरहून जास्त अमारोने होत नाही. बाटली महाग का, याचं उत्तर त्या टाकीत दिसतं.

शेजारच्या टाकीत दहा दिवसांपूर्वीचा रस आंबत होता. तळघरात इतकी थंडी की श्वासाची वाफ दिसत होती. साखर भरपूर आणि गारठा, त्यामुळे यीस्टचं काम फार सावकाश चालतं, महिना-दीड महिना सहज. अमारोनेत जवळजवळ सगळी साखर आंबून जाऊ देतात. मद्यार्क किमान चौदा टक्के असावा लागतो, बहुतेक बाटल्यांत पंधरा-सोळा असतो. आंबवणं मध्येच थांबवलं तर साखर राहते आणि गोड वाइन होते, ती रेचोतो. मूळची, शेकडो वर्षांची वाइन ती. तिथल्या बोलीत रेचे म्हणजे कान. घडाच्या वरच्या अंगाला बाजूला फुटलेले दोन झुबके कानांसारखे दिसतात, त्यांना ऊन चांगलं लागतं आणि ते सर्वांत गोड असतात, म्हणून रेचोतो.

अमारोने रेचोतोच्या चुकीतून जन्मली, असं सांगतात. १९३६ साली नेग्रारच्या सहकारी वाइनरीत तळघर सांभाळणारे अदेलिनो लुकेझे यांना रेचोतोचं एक विसरलेलं पिंप सापडलं. साखर पूर्ण आंबून गेली होती. त्यांनी चव घेतली आणि म्हणाले, ही नुसती अमारो नव्हे, ही अमारोने. अमारो म्हणजे कडू, अमारोने म्हणजे थोरली कडू. हे ऐकल्यावर अप्पांनी एवढंच विचारलं, "सहकारी? तवाच सहकारी होती?" सांगली जिल्ह्यातल्या माणसाने नेमकं तेच पकडलं याचा मला फार आनंद झाला.

अमारोने टाकीतून काढली की तळाशी साल आणि बिया उरतात, अजून साखर आणि वास धरून असलेल्या. त्या टाकत नाहीत. शरद ऋतूत केलेली साधी वाल्पोलिचेल्ला त्यांवर ओततात, ती पुन्हा आंबते, एखाद टक्का मद्यार्क चढतो, रंग आणि गोलाई येते. ही रिपास्सो, म्हणजे पुन्हा वरून नेलेली. रीत जुनीच, मासी या वाइनरीने १९६४ च्या हंगामाच्या काम्पोफिओरिनने ती बाजारात नावारूपाला आणली. त्यातूनही उरलेला चोथा ग्राप्पा ही कडक दारू गाळणाऱ्याकडे जातो. अप्पांनी बोटांवर हिशेब केला: एका घडातून तीन गोष्टी.

संध्याकाळी चव घ्यायला बसलो. माणशी पंचवीस युरो. अप्पांचे त्यांनी घेतले नाहीत. त्यांच्यासमोर त्यांनी पेल्यात माळ्यावरच्या द्राक्षांचा न आंबलेला रस ठेवला, त्याच दिवशी काढलेला.

क्रम साधीपासून चढत गेला. वाल्पोलिचेल्ला, रिपास्सो, मग अमारोने दोन: एक पाच वर्षांची, एक सोळा वर्षांची. अमारोने किमान दोन वर्षं मुरवावी लागते आणि रिझेर्वा असेल तर चार. हे घर स्लाव्होनियाच्या ओकची मोठी पिंपं वापरतं, हजारो लिटरची, ज्यांत लाकडाचा वास वाइनवर चढत नाही. नवीन लहान पिंपं वापरणाऱ्यांच्या वाइनमध्ये व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाची चव येते. काहींना ती आवडते. मला वाटतं इतके महिने माळ्यावर राखलेला वास लाकडाखाली दाबणं हा त्या द्राक्षावर अन्याय आहे.

पाच वर्षांची अमारोने पेल्यात फिरवली तर काचेवरून दाट ओघळ सावकाश उतरतात. नाकाला आधी वाळलेली चेरी आणि अंजीर, मग आलुबुखार, थोडी तंबाखू, थोडा कोको. वासावरून वाटतं आता गोड लागणार. तोंडात गेली की जीभभर पसरते, उबदार, जवळजवळ चघळावी इतकी भरीव, आणि अगदी शेवटी, घशाजवळ, बारीक कडवटपणा. कडू बदामासारखा. नाव त्याच क्षणी कळतं. तो कडवटपणा नसता तर ही वाइन नुसती जड झाली असती. सोळा वर्षांचीत फळ मागे सरलं होतं. चामडं, वाळलेली पानं, खारकेचा गोडवा, आणि कडवटपणा तितकाच जागेवर.

अप्पांनी माझ्या पेल्याचा नुसता वास घेतला. मग आपल्या रसाचा. पुन्हा माझ्या पेल्याचा. "माळा हाय ह्यात," ते म्हणाले. मी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा नात काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, चव घ्यायला येणारे बरेच लोक दुसऱ्याच पेल्यापासून किमतीबद्दल बोलायला लागतात.

घरी उघडणार असाल तर तासभर आधी रुंद भांड्यात ओतून ठेवा, पेला मोठा घ्या आणि वाइन अठरा अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. आपल्या खोलीच्या तापमानाला ती नुसती दारूसारखी लागते, तेव्हा आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायला काही हरकत नाही. सोबत जुनं, कडक चीज. आणि तिथे गाडी भाड्याने घेतली असेल तर चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकावी, वाइन गिळू नये. इटलीत मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे, आणि सोळा टक्क्यांची वाइन ती फार लवकर ओलांडते.

चौथा दिवस: सान जोर्जो

रविवार. बस फार कमी होत्या, एक आलीच नाही, थंडीत सव्वा तास उभं राहावं लागलं. रविवारचा बेत करू नका, एवढंच.

सांताम्ब्रोजोच्या वर, टेकडीच्या टोकावर सान जोर्जो हे दगडी गाव आहे. तिथल्या जुन्या देवळात वेदीवरच्या दगडी छत्रीच्या खांबांवर लाँगोबार्ड राजा लिउतप्रांदच्या काळातला, इ.स. ७१२ चा लेख आहे. अप्पा चर्चमध्ये टोपी काढून, हात जोडून उभे राहिले. बाहेर आलो तर धुकं खाली राहिलं होतं आणि पश्चिमेला गार्दा सरोवराची पट्टी चमकत होती.

खाली गार्गान्यागो लागतं. महाकवी दान्ते फ्लोरेन्समधून हद्दपार झाल्यावर व्हेरोनात आश्रयाला राहिला. त्याचा मुलगा पिएत्रो याने १३५३ साली इथे जमीन घेतली, आणि त्याच्या वंशजांकडे ती आजही आहे, आजही तिथे द्राक्षं होतात. अप्पांनी फाटकातूनच बाग पाहिली. साडेसहाशे वर्षांहून जास्त काळ एकाच घरात राहिलेली जमीन. ते पंढरपूरच्या वाटेवर चालताना बोलतात तसं हळू काहीतरी पुटपुटले, मी विचारलं नाही.

परत येताना दोन बाटल्या घेतल्या, एक रिपास्सो, एक अमारोने. भारतात येताना प्रत्येकाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवल्या. आजोबांनी अप्पांना विलोच्या ओल्या काड्यांची जुडी देऊ केली. झाडांचं ओलं साहित्य असं नेता येत नाही, म्हणून ती तिथेच ठेवावी लागली. अप्पांना त्याचं वाईट वाटलं. त्यांनी बदल्यात आपल्या खिशातली, दादाने घरून दिलेल्या बेदाण्याची पुडी आजोबांना दिली. आजोबांनी एक तोंडात टाकला, हिरवट रंग उजेडात धरून पाहिला आणि पुडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतलो. तासगावला तोडणी निम्म्यावर आली होती, शेडवर रॅक भरलेले. चार दिवसांनी दादाचा फोन आला. अप्पांनी घराच्या उत्तरेच्या खोलीत, जिथे बियाणं ठेवतो तिथे, माणिक चमन जातीच्या विरळ घडांची एक पेटी मांडली आहे. डिपिंग नाही, एकच थर, दोन्ही खिडक्या उघड्या. रोज सकाळी काट्यावर पेटी ठेवून वजन वहीत लिहितात. ठेवली तेव्हा द्राक्षं पाच किलो होती. काल चौदावा दिवस होता. चार किलो साठ ग्रॅम. एक घड कुजला, तो काढून टाकला, त्याचं वजन वेगळं लिहिलं आहे.